बैठकीतलं बोलणं बैठकीतच राहावं का? : शिक्षकांच्या अभ्यासगटांतल्या संकेतांचा आढावा

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका दुपारी अकोला जिल्ह्यातल्या एका केंद्रशाळेत, आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेला बसलो होतो. व्हरांड्यात ओल्या छत्र्या, आत सतरंजीवर तीसेक शिक्षक, फळ्यावर विषयपत्रिका. प्रास्ताविक, मागच्या महिन्याचा आढावा, ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचना असं सगळं आटोपल्यावर गणिताचा तास आला. सुलभकांनी फळ्यावर ५०३ वजा २६८ हे उदाहरण मांडलं आणि दशकाच्या घरात शून्य असताना हातचा कसा घ्यायचा, ते नीट करून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतल्या एका मॅडमनी पिशवीतून चौथीच्या पाच-सहा वह्या काढल्या. म्हणाल्या, "सर, हे तं आपल्याले समजते. पण माह्या वर्गातली अर्ध्याच्या वर लेकरं ३६५ लिहून रायली. मी तीनदा शिकवलं."

३६५ कसे आले, हे वहीत स्पष्ट दिसत होतं. आठातून तीन गेले, पाच. सहातून शून्य गेलं, सहा. पाचातून दोन गेले, तीन. वर कोणता अंक आहे आणि खाली कोणता, हे न पाहता मुलं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करत होती. चुकीमागे मुलांचा स्वतःचा एक नियम होता, आणि असा नियम सापडणं यासारखी मोलाची गोष्ट शिकवणाऱ्याला दुसरी मिळत नाही. खोलीत वीस-वीस वर्षं गणित शिकवलेली माणसं होती. पुढचा अर्धा तास त्या वह्यांवर जायला हवा होता. पण क्षणभर शांतता पसरली, आणि मग कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "मॅडम, आपल्या केंद्राची माहिती तं शंभर टक्के गेली ना वर." वह्या पिशवीत परत गेल्या. चहा आला.

त्या खोलीत कुणी कुणाशी वाईट वागलं नाही. असं काही समोर आलं तर इथे काय करायचं, हे मात्र कधी ठरलेलंच नव्हतं. एकत्र काम करणाऱ्या शिक्षकांनी आपसांत कोणते संकेत पाळावेत, ते कुणी ठरवावेत, लिहून ठेवावेत की न लिहिता मुरू द्यावेत, यावर जगात चार दशकांहून अधिक काळ विचार चालू आहे. अमरावती-अकोल्याकडून पाहिलं तर तो विचार आज कुठे उभा दिसतो, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

गटसंमेलनापासून शिक्षण परिषदेपर्यंत

शिक्षकांनी महिन्याकाठी एकत्र बसावं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. आज निवृत्त झालेल्या गुरुजींना विचारा, ते गटसंमेलनाच्या आठवणी सांगतात. एका शाळेत आसपासचे शिक्षक जमायचे, एखादे गुरुजी नमुना पाठ घ्यायचे, बाकीचे मागे बसून पाहायचे आणि नंतर चर्चा व्हायची. नमुना पाठ घेणारे गुरुजी आठवडाभर तयारी करून यायचे, पाठ देखणा व्हायचा आणि चर्चेत बहुतेक कौतुकच व्हायचं. न जमलेला पाठ कधी कुणी नमुना म्हणून घेत नसे.

देशपातळीवर या विचाराला चौकट दिली ती १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने. मोठ्या शाळेभोवती परिसरातल्या लहान शाळा जोडून 'शाळासंकुल' करावं, साधनं आणि अनुभव वाटून घ्यावेत, अशी त्याची शिफारस होती. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचेच. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे 'डाएट' उभ्या राहिल्या. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे त्या आल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रशाळांची योजना आणली. राज्यभर ४,८६० केंद्रं झाली आणि प्रत्येकाला एक केंद्रप्रमुख ठरला. पुढे सर्व शिक्षा अभियानात गट साधन केंद्र आणि समूह साधन केंद्र ही नावं आली. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या त्याच काळात, आणि शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावं हा विचार शासकीय परिपत्रकांच्या भाषेत शिरला. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित धरला आणि शाळासंकुलाची जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली.

या साठ वर्षांत बैठक किती वेळा व्हावी, कोणी घ्यावी, विषयपत्रिका काय असावी, उपस्थितीची नोंद आणि अहवाल कसा द्यावा, हे पुष्कळ ठरलं. बसल्यावर एकमेकांशी बोलायचं कसं, चूक पुढे आली तर तिचं काय करायचं, याबद्दल कागदावर क्वचितच काही आलं.

न लिहिलेले संकेत मात्र भरपूर आहेत, आणि ते सगळ्यांना पाठ आहेत. ज्येष्ठ आधी बोलतील. साहेब बोलत असताना मध्ये प्रश्न नाही. शहरातून जाणं-येणं करणाऱ्यांची शेवटची गाडी असते, म्हणून चारनंतर कुणी नवा विषय काढायचा नाही. आणि सर्वांत पक्का संकेत म्हणजे सहकाऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. बदली, चौकशी, वेतनवाढ अशा प्रसंगी एकमेकांच्या पाठीशी उभं राहण्याची सवय शिक्षक संघटनांनी लावली आणि तिने अनेकांना वाचवलं आहे. अडचण एवढीच की वर्गातल्या अडचणीवर बोलणं आणि सहकाऱ्याला उघडं पाडणं यांतली रेघ या संकेतात पुसट होते. त्यामुळे अभ्यासगटाचे नवे संकेत कधी कोऱ्या पाटीवर लिहिले जात नाहीत. ते जुन्या संकेतांच्या शेजारी येऊन बसतात.

बाहेरच्या जगात काय सापडलं

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात शाळेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. प्रत्येक शिक्षक आपल्या खणात, शेजारच्याचा धक्का लागू नये अशी रचना. १९८२ मध्ये ज्युडिथ वॉरन लिटल यांनी सहा शाळांचा अभ्यास मांडला. ज्या शाळा बरं काम करत होत्या तिथे शिक्षक शिकवण्याबद्दल नेमक्या, तपशिलाच्या भाषेत बोलत होते, एकमेकांचे वर्ग पाहत होते, साहित्य मिळून तयार करत होते. ही त्या शाळांची रीतच होती, एखाद्या उत्साही माणसाची हौस नव्हती. पुढे १९९० मध्ये त्यांनीच सावध केलं की शिक्षक एकत्र आले म्हणजे एकत्र काम झालं असं नाही. गप्पांतून किस्से सांगणं, मागितली तर मदत करणं, साहित्य वाटून घेणं आणि जबाबदारी वाटून घेऊन काम करणं या चार पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या. आपल्या शिक्षण परिषदांचा बहुतेक वेळ पहिल्या तीन पायऱ्यांत जातो, असं मला वाटतं.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात शर्ली हॉर्ड, रिचर्ड ड्युफोर आणि रॉबर्ट ईकर यांच्या लेखनातून 'व्यावसायिक अध्ययन समुदाय' ही संज्ञा रूढ झाली. गटाने सुरुवातीलाच आपले संकेत ठरवून लिहून काढावेत, हा आग्रह मुख्यतः या परंपरेतला.

पूर्वेकडे गोष्ट वेगळी घडली. जपानी शाळांत 'पाठ-अभ्यास' मेईजी काळापासून रुजत गेला. तीन-चार शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांकडे पाहत नोंदी करतात आणि नंतर सगळे मिळून पाठ दुरुस्त करतात. चीनमध्ये विषयवार अध्यापन-संशोधन गट १९५०च्या दशकापासून शाळेच्या व्यवस्थेचाच भाग झाले. या दोन्ही ठिकाणी कामाची रीतच संकेत सांभाळते; वेगळी यादी भिंतीवर लावावी लागत नाही.

शिक्षणाबाहेरचा एक अभ्यास इथे नेहमी सांगितला जातो. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतले गट तपासले. चांगल्या गटांत औषधाच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. खोलात गेल्यावर कळलं की चांगले गट चुका जास्त करत नव्हते, जास्त सांगत होते. १९९९ मध्ये त्यांनी याला 'मानसिक सुरक्षितता' म्हटलं : चूक कबूल केली तर आपल्याला कमी लेखलं जाणार नाही, असा गटातला विश्वास. शंभर टक्के भरलेला रकाना आणि पिशवीतल्या वह्या यांकडे या नजरेने पाहिलं की कोणता आकडा शुभ मानायचा, याचा पुन्हा विचार करावा लागतो.

आधी ठरवा, लिहून ठेवा

संकेत कसे रुजवावेत यावर आज तीन भूमिका दिसतात. पहिली भूमिका सरळ आहे. गट बनतो त्या पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी मिळून पाच-सात संकेत ठरवावेत, ते लिहावेत, दर बैठकीच्या शेवटी दोन मिनिटं त्यांच्याकडे परत पाहावं आणि संकेत मोडला तर काय करायचं तेही आधीच बोलून घ्यावं. रॉबर्ट गार्मस्टन आणि ब्रूस वेलमन यांनी सुचवलेल्या सात संकेतांत बोलण्याआधी थांबणं, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगून पाहणं, विचारणा करणं, पुरावा समोर ठेवणं, समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चालणं अशा गोष्टी येतात.

या भूमिकेचं बळ असं की ती दुबळ्याच्या बाजूने उभी राहते. नियम लिहिलेले नसले की न लिहिलेले नियम चालतात, आणि ते बहुधा ज्येष्ठांचे, मोठ्या आवाजाचे असतात. प्रत्येकाने एकदा बोलल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही एवढा एकच संकेत पाळला तरी नव्या शिक्षकाला तोंड उघडायला जागा मिळते.

आक्षेप दोन आहेत. पहिला, यादी बहुतेक वेळा शिष्टाचारावरच थांबते : वेळेवर या, मोबाइल बंद ठेवा, एकमेकांचा आदर करा. अनुभवी शिक्षकांना यात अपमान वाटतो. एका बैठकीत असा तक्ता लावल्यावर मागून ऐकलेलं वाक्य अजून लक्षात आहे : "आपण काय पोट्टे आहो का, हाताची घडी तोंडावर बोट करायले?" दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'आदर करा' या संकेताचा अर्थ कुणी 'मतभेद काढू नका' असा घेतला, तर संकेतच गप्प राहण्याची परवानगी होऊन बसतो. पॅमेला ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एका अमेरिकन माध्यमिक शाळेतल्या इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांच्या गटाचं दीर्घ निरीक्षण मांडलं. सुरुवातीच्या अवस्थेला त्यांनी आभासी समुदाय म्हटलं. सगळं छान चाललंय असं सगळेच वागतात, मतभेद मात्र तसेच आत दबून राहतात.

काम हाती घ्या, संकेत त्यातून येतील

दुसरी भूमिका म्हणते की संकेतांवर बोलत बसू नका. असं काम हाती घ्या ज्यात चांगलं वागल्याशिवाय गत्यंतरच नाही. पाठ-अभ्यासात पाठ गटाने मिळून रचलेला असल्यामुळे पाठावरची टीका कुणा एकाला लागत नाही. पाठ घेणारा स्वतः आधी बोलतो. पाहणारे शिक्षकाबद्दल न बोलता मुलांबद्दल बोलतात : तिसऱ्या बाकावरच्या मुलीने कुठे खोडलं, कुणी कुणाचं पाहून लिहिलं. आपल्या नमुना पाठात प्रावीण्य दाखवलं जायचं. इथे शंका दाखवली जाते. हा बदल यादी लिहून येत नाही, कामाची मांडणी बदलल्याने येतो.

मला स्वतःला ही भूमिका जवळची वाटते, पण तिची बाजू पुराव्याने पक्की झालेली नाही. इंग्लंडमध्ये पाठ-अभ्यासाची मोठी चाचणी झाली. २०१७ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात मुलांच्या गणित-वाचनात सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. रीत उचलली तरी तिच्याबरोबरचा वेळ, सवय आणि धीर उचलून आणता येत नाही, असं जपानी परंपरेचे अभ्यासक याचं उत्तर देतात. ते खरं असेल, पण मग आपल्याकडे तो वेळ कुठून आणायचा? शिक्षण हक्क कायद्यात आठवड्याला तयारीसह ४५ तास शिक्षकाने द्यावेत अशी तरतूद आहे. त्याच कायद्यात पटसंख्या साठपर्यंत असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक आहेत. बार्शीटाकळी किंवा नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत एकाने दुसऱ्याचा पाठ पाहायचा तर पाहणाऱ्याच्या दोन वर्गांकडे बघणार कोण? म्हणून आपल्याकडे गट शाळेत बसत नाही, केंद्रात बसतो; आणि केंद्र महिन्यातून एकदाच भेटतं.

प्रश्न खुर्चीचा आहे

तिसरी भूमिका या दोघींच्या मुळाशी जाते. बैठक वरून आलेल्या आदेशाने भरते, विषय वरून येतो, अहवाल वर जातो. अशा ठिकाणी शिक्षकांनी आपसांत कितीही चांगले संकेत ठरवले तरी ते खोलीच्या भिंतीइतकेच टिकतात. कॅनडातले अभ्यासक अँडी हार्ग्रीव्ह्ज यांनी १९९०च्या दशकात याला 'हुकमी सहकार' म्हणता येईल असं नाव दिलं : वेळापत्रकात बसवलेलं, सक्तीचं आणि प्रशासनाला अंदाज बांधता येईल असं एकत्र येणं.

या मांडणीत केंद्रप्रमुख मध्यभागी येतात. १९९४ ची कल्पना त्यांनी शैक्षणिक मार्गदर्शक व्हावं अशी होती. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला माहिती गोळा करण्याचं काम वाढत गेलं, आणि अनेक केंद्रांत हे पद वर्षानुवर्षं रिकामं राहून एखाद्या मुख्याध्यापकाकडे किंवा शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे अतिरिक्त प्रभार राहिला. अलीकडे या पदाला 'समूह साधन केंद्र समन्वयक' असं नाव आलं. समन्वयक हा शब्द चांगला आहे. पण वह्या पाहून मदत करायची आणि शंभर टक्क्यांचा रकानाही भरून घ्यायचा, ही दोन कामं एकाच माणसाकडे आहेत तोवर त्याच्यासमोर अडचण सांगणाऱ्या शिक्षकाला तो कोणत्या कानाने ऐकतोय, हे कळत नाही. यात केंद्रप्रमुखांचीही ओढाताण आहे, आणि ती फार कमी बोलली जाते.

या भूमिकेचे लोक स्वेच्छेच्या गटांकडे बोट दाखवतात. अझीम प्रेमजी फाउंडेशनने राजस्थान, उत्तराखंड यांसारख्या राज्यांत शिक्षकांचे स्वयंस्फूर्त मंच चालवले. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, हजेरीपटाशिवाय. महाराष्ट्रातही शिक्षकांनी स्वतः उभे केलेले समूह आहेत. तिथे बोलणं मोकळं होतं हे जाणारे सांगतात. पण तिथे येतात ते मुळातच उत्साही. ज्या शिक्षकाला गटाची सर्वांत जास्त गरज आहे तो बहुधा येत नाही. आणि घरी परतल्यावर दुसरी पाळी सुरू होणाऱ्या शिक्षिकांसाठी शाळेनंतरची 'स्वेच्छा' कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न पुरुषबहुल मंचांनी स्वतःला विचारायला हवा.

माझं मत या ठिकाणी सांगतो. वऱ्हाडातल्या कोणत्याही केंद्राला पहिला संकेत ठरवायचा असेल तर तो वेळेवर येण्याचा नसावा. वर्गातली अडचण बैठकीत सांगितली तर ती सांगणाऱ्याच्या नावाने अहवालात जाणार नाही आणि त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, हा असावा. हा संकेत शिक्षक एकटे पाळू शकत नाहीत. अधिकाऱ्यानेही त्यावर सही करावी लागेल.

फोनमधला गट

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात व्हॉट्सॲप हा शिक्षकांचा खरा सभामंडप झाला. फलकाचे, साहित्याचे, मुलांच्या वाचनाचे फोटो आणि व्हिडिओ एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात मिनिटात पोचू लागले. त्याचा फायदा झाला यात शंका नाही. मात्र लिटल यांच्या भाषेत हे सगळं वाटून घेण्याच्या पायरीवर राहिलं. यशाचे फोटो गेले. ३६५ लिहिलेली वही कुणी टाकली नाही. त्याच गटांवर रात्री साडेनऊला 'उद्या सकाळी दहापर्यंत माहिती द्यावी' असे निरोपही येऊ लागले, आणि अभ्यासगट कुठे संपतो आणि कार्यालय कुठे सुरू होतं ते समजेनासं झालं. २०२४ च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांबाबतच्या शासकीय निर्णयांविरुद्ध राज्यभर शिक्षकांचं आंदोलन झालं, २५ तारखेला सामूहिक रजा झाली. त्या आंदोलनात प्रशासकीय व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडणं हेही एक पाऊल होतं. आदेशाचा गट वेगळा आणि अभ्यासाचा वेगळा, हा संकेत काही ठिकाणी शिक्षकांनी आपणहून पाळायला सुरुवात केली आहे.

मेळघाटात प्रश्न बदलतो

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत गेलं की वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्याचं जाणवतं. पहिलीत येणारं मूल कोरकू बोलतं, पुस्तक मराठीत आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला कोरकू येत नाही. गावातल्या अंगणवाडी सेविकेला, एखाद्या स्थानिक तरुण शिक्षकाला येते. अशा गटात ज्येष्ठतेचा संकेत उलटा करावा लागतो. जो सेवेत सर्वांत नवा तोच भाषेत सर्वांत जाणता, आणि त्याने आधी बोललं पाहिजे. शाळेच्या पटावर नसलेल्या माणसांना गटात बसवायचं का, हा प्रश्नही इथेच टोकदार होतो. माझ्या मते बसवायला हवं. पण शिक्षण परिषदेच्या हजेरीपटात त्यांच्यासाठी ओळ नाही.

दुसरी अडचण बदल्यांची. ऑनलाइन बदल्यांच्या धोरणात अवघड क्षेत्रात काम केलेल्यांना बाहेर येण्याची संधी मिळते, आणि ती न्याय्यच आहे. पण मेळघाटातला गट त्यामुळे वारंवार नव्याने बनतो. ज्या गटाने दोन वर्षं घासून संकेत मुरवले, त्यातले निम्मे लोक एका यादीसरशी मैदानी तालुक्यांत जातात. न लिहिलेले संकेत माणसांबरोबर जातात. लिहून ठेवण्याच्या बाजूने मला पटलेला सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि तो अमेरिकेतल्या पुस्तकांत मला सापडला नव्हता.

मुलांपर्यंत काय पोचतं

इतकं करून मुलांचं शिकणं सुधारतं का? २००८ मध्ये विकी वेसिओ आणि सहकाऱ्यांनी ११ अभ्यास एकत्र तपासले. कल अनुकूल दिसला, पण मुलांच्या शिकण्याचा थेट पुरावा देणारे अभ्यास थोडेच होते. २०१५ मध्ये मॅथ्यू रॉनफेल्ट यांच्या गटाने मायामी परिसरातल्या ९,००० हून अधिक शिक्षकांची माहिती तपासली. जिथे शिक्षकांना आपलं एकत्र काम चांगल्या दर्जाचं वाटत होतं, तिथे मुलांची प्रगतीही सरस होती. पण सहकार्यामुळे प्रगती झाली की चांगल्या चाललेल्या शाळांत सहकार्यही सुखाचं असतं, हे अशा अभ्यासांतून पूर्ण सुटत नाही. आणि संकेतांचा वेगळा वाटा किती, हे तर कुणीच नेमकं मोजलेलं नाही. संकेत ठरवणारे गट बहुधा इतर गोष्टीही नीट करणारेच असतात.

उरलेले प्रश्न

वाद पूर्वीपेक्षा निवळला आहे. लिहिलेली यादी पुरेशी नाही हे पहिल्या बाजूला मान्य आहे. नुसत्या कामातून सगळं येतं असं नाही, हे दुसरीला. तिसऱ्या बाजूचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो तसाच उभा आहे : ज्या बैठकीचा अहवाल वर जातो तिथे न जमलेलं सांगता येईल का? अहवालाचा नमुनाच बदलून त्यात 'या महिन्यात काय जमलं नाही' असा रकाना घातला तर? तोही काही महिन्यांत ठरावीक वाक्यांनी भरू लागेल, अशी भीती अनेकांना आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही. सेविकेची जागा, शिक्षिकांचा वेळ, बदलीनंतर संकेत जपणार कोण, हे प्रश्न आपल्याकडे अजून अभ्यासाचे विषय म्हणूनही नीट मांडले गेलेले नाहीत. डाएटसारख्या संस्थेने दोन-तीन केंद्रांत वर्षभर बसून एवढंच टिपलं, कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कुणाच्या वह्या उघडल्या गेल्या, तरी या चर्चेला आपल्या मातीतला पहिला पुरावा मिळेल.

त्या दुपारी परिषद संपल्यावर मीही फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा होतो. पाऊस थांबला होता. त्या मॅडम तिथेच होत्या, आणखी तिघं-चौघं शिक्षक होते. बैठकीत एक शब्दही न बोललेले एक वयस्क गुरुजी पुढे आले आणि म्हणाले, "दाखवा बरं त्या वह्या." थांब्याच्या कठड्यावर वह्या उघडल्या गेल्या. गुरुजींनी ३६५ वर बोट ठेवलं. "याले विचारलं का तुमी, तीनातून आठ जातात का मनून? थो मनन, नाही जात, मनून उलटं केलं." मग त्यांनी सुचवलं की फळा बाजूला ठेवून दुकान मांडावं : शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी मुलाच्या हातात द्यावी, दोनशे अडुसष्ट रुपयांचं सामान घ्यायला लावावं, आणि सुटे नाहीत म्हटल्यावर तो काय करतो ते पाहावं. तरुण शिक्षकाने विचारलं, "शंभराची चिल्लर थो दहाच्या दहा नोटात मागन, का एकदम रुपयात?" त्यावर दोघांत वाद लागला. मॅडम वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होत्या. अकोट गाडी आली तेव्हा वाद अर्ध्यावरच होता, आणि त्यातल्या दोघांनी ती सोडून पुढची धरायचं ठरवलं.